किनाऱ्यावर जाणारी वाट

"तुमच्या गोव्यात समुद्रावर जायला तिकीट लागतं का हो?"

हा प्रश्न मला भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, एका चहाच्या टपरीवर विचारला गेला. कार्यालयीन प्रशिक्षणाच्या निमित्ताने चार-पाच दिवस तिथे राहणे झाले होते. या भागाला सारे भोपाळ ‘एम. पी. नगर’ एवढेच म्हणते. झोन एक, झोन दोन, बँका, लॉज, कचेऱ्या आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांचे फलक... समुद्राची आठवण व्हावी असे तिथे काहीच नाही. विचारणारे गृहस्थ मराठी घरातले, तीन पिढ्या मध्य प्रदेशात राहिलेले. त्यांचा प्रश्न खवचट नव्हता. त्यांच्या शहरात वनविहारला तिकीट लागते, तलावातल्या बोटीला तिकीट लागते. मग सारे जग ज्यासाठी गोव्याला धावते त्या समुद्रालाही तिकीट असेलच, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"नाही लागत. नुसते चालत जायचे," मी म्हटले. पण हे ‘नुसते चालत जायचे’ आपल्याला कोणी दिले, आणि ते आपल्याकडे किती दिवस राहील, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. हा लेख त्या विचारातूनच लिहिला आहे.

भोपाळला समुद्र नाही, पण त्या शहराने आपला काठ आपणच तयार केला. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून मोठा तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. बाकीच्या सगळ्या तलैया, ताल तो एक भोपाळचाच, अशा अर्थाची म्हण तिथे लहान मुलाच्याही तोंडी असते. २००२ साली हा तलाव रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. प्रशिक्षण आटोपल्यावर एका संध्याकाळी मी रिक्षा करून भारत भवनला गेलो. १९८२ साली सुरू झालेले हे कलाकेंद्र तलावाच्या उतारावर असे बसवले आहे की रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. आत शिरावे तर एकाखाली एक गच्च्या उतरत जातात आणि शेवटी पाणी दिसते. मी तिथे बसलो आणि मनात आले, अरे, हे तर आपल्या कांपालचे!

मनात आले ते खरेच होते. भारत भवन चार्ल्स कुर्रैया यांचे, आणि पणजीची कला अकादमीही त्यांचीच. एम. पी. नगरला लागून असलेल्या अरेरा टेकडीवरचे मध्य प्रदेशचे विधान भवनही त्यांचेच, १९९६ सालचे. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या या वास्तुकाराने दोन राजधान्यांत एकच गोष्ट करून ठेवली आहे. साध्या माणसाला, कुणाची परवानगी न घेता, रस्त्यावरून पाण्यापर्यंत जाऊ दिले आहे.

आता पणजीकडे येऊ.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. पाण्याकाठी निवांत बसणे, बाग करून बाकडी ठेवणे, संध्याकाळी फेरफटका मारणे हा आपला जुना रिवाज नव्हे. ‘हवा खायला जाणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आहे, पण गावातल्या माणसाला हवा फुकट आणि घरबसल्या मिळत असे. ती खायला मुद्दाम कुठे जावे लागत नसे. बसायला देवळाची तळी होती, वडाचा पार होता, मांड होता, चर्चचे आवार होते. समुद्रकिनारा ही कामाची जागा होती. तिथे रापण ओढली जाई, होड्या ओढून वर घेतल्या जात, मासळी सुकत पडे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जाई, गणपती पोचवले जात. किनारा सगळ्यांचा होता. तो सगळ्यांच्या उपयोगाचा होता म्हणून. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध गोव्याचे रापणकार उठले तेव्हाही भांडण नेमके याच गोष्टीचे होते. त्या लढ्यातून १९८० सालचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला.

बसण्यासाठीचा किनारा आपल्याकडे आला तो पणजी राजधानी झाल्यावर. जुन्या गोव्यात रोगराई माजली तसे व्हाइसरॉय १७५९ साली पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आले. पण तेव्हाची पणजी म्हणजे माडांची बाटे, मिठागरे, खाजण आणि दलदल. तिला शहराचे रूप दिले ते दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या गव्हर्नराने. १८२७ ते १८३५ ही त्याच्या कारकिर्दीची वर्षे. त्याने दलदल बुजवली, रस्ते आखले, नदीकाठची सखल जमीन सपाट करून घेतली. त्या मोकळ्या मैदानाला त्याचेच नाव पडले, ‘कांपु द दों मान्युएल’, आणि त्याचेच पुढे लोकांच्या जिभेवर ‘कांपाल’ झाले, असे सांगतात. १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजी ‘नोवा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली. म्हणजे आपण आज ज्या कांपालच्या झाडांखाली फिरतो ती जमीन पाण्यातून काढलेली आहे. पाण्याला हे ठाऊक आहे. पावसाळ्यात सांतिनेजची खाडी भरती-पावसाच्या वेळी त्याची आठवण करून देते.

सुरुवातीला या मैदानावर आणि नदीकाठी कोण फिरत असेल? अंमलदार, लष्करी अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि शहरातली मातब्बर घराणी. बंदी घालायची गरज नसते. कपडे आणि भाषाच माणसाला लांब उभे करतात. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंनी सांगितले होते की लहानपणी त्या वडिलांबरोबर पणजीला येत, पण बागेत बसत नसत. "आमी भायल्यान पळयताली," त्या म्हणाल्या. आम्ही बाहेरून पाहायचो. एवढ्या तीन शब्दांत जुन्या राजवटीतल्या बागांचा पुष्कळ इतिहास येऊन जातो.

कांपालच्या बागेत आज ज्यांचा पुतळा आहे ते डॉ. फ्रांसिस्कु लुईश गोम्स मात्र बाहेर उभे राहणाऱ्यांतले नव्हते, आणि आत गेल्यावर गप्प बसणाऱ्यांतलेही नव्हते. १८२९ साली सासष्टीतल्या नावेलीला जन्म. शिक्षणाने डॉक्टर, अभ्यासाने अर्थशास्त्रज्ञ. गोव्याचे प्रतिनिधी म्हणून ते लिस्बनच्या संसदेत बसले. १८६६ साली त्यांची ‘उश ब्राह्मणिश’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १८६९ साली आजारी अवस्थेत मायदेशी परतत असताना समुद्रप्रवासातच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे चाळीस. ज्याला गोव्याचा किनारा शेवटचा पाहता आला नाही त्याचा पुतळा नदीच्या काठावर असावा, हे मला नेहमी योग्य वाटत आले आहे. बागेत खेळणाऱ्या मुलांना तो कोण हे बहुधा ठाऊक नसते. एखाद्या रविवारी त्यांना सांगायला काय हरकत आहे?

कांपालहून नदीच्या कडेकडेने पश्चिमेला चालत गेले की मिरामार येते. ‘समुद्र पाहा’ असा या पोर्तुगीज नावाचा अर्थ. जुने नाव गाश्पार दियश, तिथल्या जमीनदारावरून पडलेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे किल्ला बांधायला घेतला गेला. पलीकडे रेईश मागूश, अलीकडे गाश्पार दियश. मांडवीत शिरणाऱ्या जहाजावर दोन्हीकडून तोफा लागाव्यात अशी ती योजना. पुढे १६१२ साली आग्वादचा किल्ला झाला आणि नदीचे तोंड पक्के बंद झाले.

पण या किल्ल्याला खरी आग लागली ती बाहेरच्या शत्रूने लावलेली नव्हती. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हे नेवऱ्याचे. गोव्याचा कारभार हाती आलेले पोर्तुगीज काळातले पहिले गोमंतकीय. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी प्रीफेक्ट म्हणून सूत्रे घेतली आणि १ फेब्रुवारीला लष्करी बंडाने त्यांना घालवून दिले. अठरा दिवसांची कारकीर्द! एका गोवेकराने गोव्यावर राज्य करावे हे काहींना अठरा दिवसांच्या वर सोसले नाही. त्यांच्या बाजूचे सैनिक गाश्पार दियशच्या किल्ल्यात होते. त्याच वर्षी मे महिन्यात एका रात्री या किल्ल्यावर हल्ला करून आतल्यांची कत्तल झाली आणि किल्ल्याला आग लावली गेली. आज तिथे किल्ला नाही. जिथे भेळेचे आणि आइसक्रीमचे गाडे उभे राहतात, मुले वाळूचे किल्ले बांधतात, त्याच परिसरात ही माणसे मारली गेली. मला वाटते, मिरामारला यावर एखादा साधा फलक असायला हवा.

मुक्तीनंतर हा किनारा बदलला. जे मैदान आणि जो काठ पाहायचा तो बाहेरून, तो एकदम सगळ्यांचा झाला. शहरातल्या म्युनिसिपल बागेतल्या खांबावरून वास्को द गामाचा अर्धपुतळा उतरला आणि तिथे अशोकाचे सिंह आले. मिरामारला धेंपे महाविद्यालयाची मुले वर्ग बुडवून वाळूत बसू लागली. फोंडा, डिचोली, पेडणे, सांगेहून कामासाठी राजधानीत येणारी माणसे काम झाले की, किंवा साहेब न भेटल्यामुळे काम न झाले तरी, बसने मिरामारला जाऊन पाण्यात पाय बुडवून परत जाऊ लागली. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मी सांगू शकतो, ज्याची फाईल पुढे सरकली नाही त्याला संध्याकाळी समुद्र फार उपयोगी पडतो.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर गेले. त्यांची समाधी मिरामारला आहे, आणि कांपालहून तिकडे जाणारा रस्ताही त्यांच्याच नावाचा. २०१९ साली मनोहर पर्रीकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही तिथेच. मुंबईत पाहा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे देहावसान झाले आणि गिरगाव चौपाटीवर त्यांना निरोप दिला गेला. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांना दादरच्या चौपाटीवर, जिथे आज चैत्यभूमी आहे. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. लाखो माणसे येणार असतील तर एवढी मोकळी जागा शहरात दुसरी नसते हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. किनारा कोणाच्याच मालकीचा नसतो. जो माणूस सर्वांचा झाला त्याला शेवटी ठेवायचे तर ते अशाच जागी, असे समाजाला न सांगता कळलेले असते.

कला अकादमी याच विचाराची इमारत. संस्थेची स्थापना १९७० सालची, भाऊसाहेबांच्या कारकिर्दीतली. कांपालची वास्तू १९८३ साली पूर्ण झाली. तिला बंद दरवाजाचा दिमाख नाही. रस्त्यावरून आत शिरावे, मंडपाखालून चालत जावे, आणि मांडवीच्या काठाशी निघावे. नाटकाचे तिकीट नाट्यगृहाच्या दाराशी. नदीला तिकीट नाही. मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत तालमीनंतर रात्री त्या काठावर बसलेली कितीतरी मंडळी हे वाचत असतील. अलीकडच्या नूतनीकरणात, जुलै २०२३ मध्ये, तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले तेव्हा गोव्यातले कलाकार रस्त्यावर का आले, हे ज्याने त्या काठावर संध्याकाळ घालवली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आणि आता या गोष्टीतला विचित्र योग. याच कुर्रैयांनी त्याच सुमारास दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल रचले. त्यात वास्तुकाराचा दोष काढायचे कारण नाही, पण किनाऱ्याच्या वाटेबद्दलचा आपल्या देशातला एक महत्त्वाचा खटला याच जागेवरून झाला. हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन केली तेव्हाच्या करारात लोकांची किनाऱ्याकडे जाणारी वाट राखण्याची अट होती. पुढे बांधकाम वाढले आणि वाट अडल्याची तक्रार घेऊन काही नागरिक व गोवा फाउंडेशन न्यायालयात गेले. एप्रिल २००० मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतर राज्य सरकारने भूसंपादन कायद्यात गोव्यापुरती दुरुस्ती करून इमारतीचे पाडकाम टाळले, यावर तेव्हा बरीच टीका झाली. पण एक तत्त्व मात्र कागदावर कायमचे उमटले. सरकार हे किनाऱ्याचे मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही.

हे तत्त्व काल-परवाचे नाही. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या रोमन कायद्याने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचे किनारे सर्वांचे मानले. पोर्तुगालमध्ये १८६४च्या राजाज्ञेने किनारा सार्वजनिक ठरवला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका खटल्यात रोमन कायद्याचा तोच धागा उचलला. त्याआधी १९ फेब्रुवारी १९९१ची किनारपट्टी नियमन अधिसूचना आली होती. तिच्यात किनारी हॉटेलांसाठी एक साधी अट होती. दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. वीस मीटर! आपल्या ओळखीच्या किनाऱ्यांवर जाऊन पावलांनी मोजून पाहावे, म्हणजे कायदा आणि वाळू यांतले अंतरही कळते.

माझ्या आजोळच्या गावात अशी एक वाट होती. माडांच्या बाटातून, दोन कुंपणांच्या मधून, थेट वाळूवर उतरणारी. जमिनी विकल्या गेल्या, बंगला झाला, एक दिवस वाटेवर लोखंडी फाटक आले. मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना लांबचा वळसा पडू लागला. गावातल्या काही तरुणांनी भूमापन खात्यातून जुना सर्व्हे प्लॅन काढला. त्यावर तुटक रेषेने वाट दाखवलेली होती. मग पंचायत, मामलेदार, बैठका. दोन पावसाळे गेले. शेवटी फाटकाच्या बाजूला एक माणूस जाईल एवढी जागा सुटली. पूर्वी या वाटेने दोघीजणी पाट्यांसकट शेजारून जात, आता एकीला थांबावे लागते. पण वाट आहे.

कचेरीत कागद हाताळताना एक गोष्ट मी शिकलो. ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर कब्जेदाराचे नाव ठळक असते, कुळाचे नाव असते, ‘इतर हक्क’ असाही एक रकाना असतो. तो रकाना बहुतेक वेळा कोरा असतो, कारण गावाने शंभर वर्षे तुडवलेल्या वाटेची नोंद करायला कधी कोणी कचेरीत आलेलेच नसते. वाट पायांनी लिहिली जाते. ती तुडवली गेली नाही की रान माजते, रान माजले की कुंपण येते, आणि कुंपण आले की पुढच्या पिढीला तिथे वाट होती हे सांगूनही पटत नाही.

वाळूच्या टेकड्यांवर उगवणारी एक वेल आहे, जांभळ्या फुलांची. तिची पाने आपट्यासारखी दुभंगलेली असतात. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने इथवर यावे, माणसाने तिथवर जावे, अशी दोघांनाही घातलेली ती मर्यादा. ती वाळू धरून ठेवते म्हणून मागची जमीन राहते. मिरामारला, करंजाळ्याला अजून ती कुठे कुठे दिसते. बागा सुशोभित करताना तिला तण समजून उपटू नये, हिरवळ लावायला तिची जागा घेऊ नये, एवढे बागेच्या ठेकेदारांना कोणीतरी सांगायला हवे.

आपल्या गावात किनाऱ्याला, नदीला किंवा तळीला जाणारी अशी एखादी जुनी वाट असेल, तर तिचा सर्व्हे प्लॅन भूमापन खात्यात अर्ज करून मिळतो. थोडे शुल्क भरावे लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती वाट कुठून कुठे जाते ते लिहून ठेवावे, आणि येत्या रविवारी मुलांना घेऊन त्याच वाटेने जावे. वाळूवर मुलांचे पाय उमटले की एवढ्यापुरते काम झाले.